पूलमध्ये हार्ड टिप चालू द्यावी का? क्यूच्या टोकावरच्या छोट्याशा चकतीचा मोठा वाद

वर्धा जिल्ह्यातलं जाम म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा चौरस्ता. इथूनच चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या पोरांच्या मोबाइलमध्ये डोकावलं, तर एखाद्याच्या स्क्रीनवर तरी हिरवं टेबल आणि रंगीत बॉल दिसायला हरकत नाही. मिनिक्लिपचा ‘८ बॉल पूल’ हा गेम बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला आहे. त्यातल्या प्रत्येक क्यूला चार पट्ट्या असतात: फोर्स, एम, स्पिन आणि टाइम. कॉइन मोजले की जास्त फोर्सचा क्यू मिळतो. समोरचा खेळाडू तक्रार करत नाही, कारण गेमच तसा बनवलेला आहे.

खऱ्या टेबलावर मात्र यावरून भांडणं होतात. खऱ्या क्यूची ‘फोर्स’ची पट्टी वाढवायचा एक सोपा मार्ग म्हणजे क्यूच्या टोकावरची साधारण १३ मिलिमीटरची गोल चकती बदलणं. चामड्याच्या जागी बॅकेलाइटसारख्या कडक पदार्थाची टिप बसवायची. क्यू तोच, हात तोच, पण बॉल जास्त वेगानं सुटतो आणि मध्ये आडव्या आलेल्या बॉलवरून उडीसुद्धा मारतो. हे खेळात बसतं का? आणि बसत असेल तर सगळीकडे बसतं का? या लेखात हेच नीट समजून घेऊ.

चामडं आलं कुठून?

दोनशे वर्षांपूर्वी क्यूच्या टोकाला काहीच नसायचं. नुसतं लाकूड. लाकूड बॉलवर घसरतं, त्यामुळे बॉलच्या मधोमध मारण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. १८०७ च्या सुमारास फ्रान्समधल्या फ्रांस्वा मँगो नावाच्या माणसानं चामड्याची टिप वापरात आणली असं मानलं जातं. हा सैन्यातला अधिकारी राजकीय कारणानं तुरुंगात होता आणि तिथं त्यानं बिलियर्ड्सवर डोकं चालवलं. (तुरुंगात बिलियर्ड्सचं टेबल होतं, हेच आधी आपल्याला पचत नाही.) चामडं थोडं दबतं, बॉलला क्षणभर धरून ठेवतं, त्यावर चॉक लावला की घसरत नाही. मग बॉलच्या कडेला, वर, खाली कुठंही मारता येऊ लागलं. थोडक्यात, मोबाइल गेममधली ‘स्पिन’ची पट्टी खऱ्या आयुष्यात चामड्यानं दिली.

आज चांगल्या टिपवर चॉक लावून बॉलच्या मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत बाजूला मारता येतं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मध्यापासून जेमतेम १४ मिलिमीटर. त्यापलीकडे गेलात की टिप घसरते आणि ‘टिच्’ असा आवाज येऊन सगळ्यांसमोर फजिती होते. हार्ड टिपवर चॉक नीट बसत नाही, त्यामुळे ही हद्द आणखी आत सरकते. म्हणूनच नेहमीच्या शॉटसाठी कोणीही शहाणा खेळाडू हार्ड टिप वापरत नाही. वाद आहे तो फक्त दोन शॉटचा: ब्रेक आणि जंप.

‘हार्ड’ म्हणजे नेमकं काय

इथं एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. दुकानात किंवा ऑनलाइन टिप बघाल, तर सॉफ्ट, मीडियम, हार्ड असं लिहिलेलं दिसेल. त्यातली ‘हार्ड’ बऱ्याचदा चामड्याचीच असते, फक्त जास्त दाबून किंवा थर चिकटवून केलेली. तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती चामड्याच्या बाहेरच्या टिपबद्दल, म्हणजे फिनॉलिक आणि जी-१० या दोन प्रकारांबद्दल.

फिनॉलिक म्हणजे बॅकेलाइटच्या घराण्यातला पदार्थ. लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये बॅकेलाइट तयार केलं. जुने काळे स्विच, कुकरच्या दांड्या, इलेक्ट्रिशियनच्या तोंडी असलेली हायलम शीट, ही सगळी त्याच गोत्रातली मंडळी. सुती कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केले की कडक फळी तयार होते. जुना टीव्ही रिमोट उघडून बघा. आत तपकिरी रंगाची सर्किट पट्टी दिसली, तर ती बहुधा कागद आणि फिनॉलिकचीच असते. कापडाचा प्रकार घेतला तर कच्चा माल शेवटी कापूसच. जामच्या शेजारचं हिंगणघाट ज्या कापसासाठी इंग्रजांच्या काळापासून ओळखलं जातं, त्याच जातकुळीचा माल.

जी-१० मध्ये कापसाऐवजी काचेचे धागे असतात आणि रेझिन असतं इपॉक्सी. तुमच्या हातातल्या फोनच्या आत असते ती सर्किट बोर्डची एफआर-४ शीट याचीच सख्खी बहीण, फक्त आगीला दाद न देणारी. फिनॉलिकपेक्षा हे प्रकरण आणखी टणक.

आता गंमत बघा. पूलचे चांगले बॉलसुद्धा फिनॉलिक रेझिनचेच असतात. म्हणजे फिनॉलिक टिपनं मारताना तुम्ही बॉल जवळपास बॉलच्याच पदार्थानं ठोकत असता. वादाची अर्धी कारणं इथंच आहेत.

वेग खरंच किती वाढतो?

टिप बॉलला लागते तेव्हा थोडी ऊर्जा चामडं दबण्यात खर्च होते. किती परत मिळते हे मोजायला भौतिकशास्त्रात एक आकडा असतो, त्याला प्रत्यवस्थान गुणांक म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा: १ म्हणजे सगळी उसळी परत, ० म्हणजे चिखलात दगड. चामड्याच्या टिपसाठी हा आकडा साधारण ०.७३ च्या आसपास धरतात, फिनॉलिकसाठी ०.८५ च्या आसपास.

५४० ग्रॅमचा क्यू आणि १७० ग्रॅमचा बॉल घेऊन हिशेब केला, तर क्यूच्या वेगाच्या १.३२ पट वेग चामड्यानं मिळतो आणि १.४१ पट फिनॉलिकनं. फरक साधारण ७ टक्के. म्हणजे चामड्यानं ३० किलोमीटर ताशी वेगानं ब्रेक करणारा खेळाडू हार्ड टिपनं ३२ वर जाईल. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून रॅकवर पोचणारी ऊर्जा सुमारे १४ टक्क्यांनी वाढते.

हे तुम्ही स्वतः फोनवर तपासू शकता. नऊ फुटी टेबलावर पांढरा बॉल हेड स्पॉटवर ठेवून सरळ ब्रेक केला, तर रॅकच्या पहिल्या बॉलला लागेपर्यंत तो साधारण १२१ सेंटिमीटर जातो. ३० च्या वेगाला यासाठी ०.१४५ सेकंद लागतात, ३२ च्या वेगाला ०.१३६. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हा फरक अवघा दोन फ्रेमचा आहे, त्यामुळे व्हिडिओवर फार भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करा. टिप लागल्याचा एक टोला आणि रॅक फुटल्याचा दुसरा, असे दोन उंच टोक कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये स्पष्ट दिसतात. त्यांच्यामधलं अंतर सेकंदात मोजा आणि १.२१ ला त्यानं भागा. मीटर प्रति सेकंद मिळेल, ३.६ नं गुणलं की किलोमीटर ताशी. दोन्ही टिपचे दहा-दहा ब्रेक मोजून सरासरी काढा, म्हणजे हाताच्या जोरातला फरक बराचसा गाळला जाईल.

आणि हो, टिप बॉलला लागलेली प्रत्यक्ष बघायची हौस असेल तर २४० फ्रेमचा व्हिडिओ कामाचा नाही. तो स्पर्श साधारण एक हजारांश सेकंदाचा असतो, आणि २४० फ्रेममध्ये एक फ्रेमच चार हजारांश सेकंदांची. हार्ड टिपचा स्पर्श तर त्याहूनही छोटा.

माझं मत विचाराल, तर ब्रेकसाठी ७ टक्के ही काही लूट नाही. रॅक घट्ट लावला आहे की सैल, बॉल मधोमध लागला की नाही, यानं यापेक्षा जास्त फरक पडतो. नुसत्या जोरावर ब्रेक जिंकणारा माणूस तुम्ही किती वेळा पाहिलाय?

जंप: खरं पाणी इथं मुरतंय

जंप शॉट म्हणजे पांढऱ्या बॉलला उडवून मधल्या बॉलवरून पलीकडे नेणं. हा शॉट बॉलच्या खाली टिप घालून उचलायचा नसतो. तसं केलं तर फाउल. क्यू मागून वर उचलायचा, बॉलवर तिरकं खाली मारायचं. बॉल कापडावर आपटतो, खालच्या स्लेटच्या दगडावरून उसळी घेतो आणि उडतो.

अडचण अशी की बॉल वर उसळत असतो त्याच क्षणी क्यू वरून खाली येत असतो. क्यू वेळेत बाजूला झाला नाही तर बॉल त्याच्याखालीच दबतो. पुन्हा हिशेब बघू. ५४० ग्रॅमचा, चामड्याच्या टिपचा क्यू टक्कर झाल्यावरही आपल्या मूळ वेगाच्या जवळपास ५९ टक्के वेगानं पुढे घुसत राहतो. २५० ग्रॅमचा हलका जंप क्यू हार्ड टिपसकट घेतला तर तो उरतो फक्त २५ टक्क्यांवर. म्हणजे मारलं आणि क्यू जागच्या जागी थबकला, बॉल मोकळा. हलकं वजन इथं मोठं काम करतं, आणि हार्ड टिप दोन कामं करते: स्पर्श लवकर संपवते, आणि हलक्या क्यूमुळे गेलेला वेग थोडा भरून काढते.

परिणाम काय होतो? चामड्याच्या टिपनं आणि पूर्ण लांबीच्या क्यूनं जंप मारायला महिने घालवावे लागतात. हलका क्यू आणि हार्ड टिप दिली की साधा खेळाडूही एका दुपारी शिकतो. मनगटाची करामत दुकानात विकत मिळू लागते.

हे का टोचतं ते कळायला पूलमधली सेफ्टी समजून घ्यावी लागेल. समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून पांढरा बॉल मुद्दाम दुसऱ्या बॉलच्या आड लपवायचा, ही या खेळातली सगळ्यात डोकेबाज चाल. कॅरममध्ये राणीच्या वाटेत आपली सोंगटी आणून ठेवण्यासारखंच. आता समोरच्यानं बॅगेतून छोटा क्यू काढला, टकन उडी मारली आणि तुमची पाच मिनिटांची मेहनत पाण्यात. मोबाइल गेममध्ये बॉल उडतच नाही, म्हणून तिथं हा प्रश्न येत नाही. मिनिक्लिपनं हे ठरवून केलं की सोयीसाठी, कोण जाणे, पण सेफ्टी त्यामुळे शाबूत राहिली आहे.

बॉल आणि कापड कोणाचं?

हार्ड टिपच्या बाजूनं एक दणदणीत मुद्दा मांडला जातो: बॉल एकमेकांवर आपटतातच ना? तेही फिनॉलिकच. मग फिनॉलिक टिपनं बॉल खराब होतो म्हणणं म्हणजे अंधश्रद्धा.

मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे टोकाची गोलाई. टिप साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतक्या गोलाईत घासलेली असते, बॉलपेक्षा खूपच टोकदार. तेवढाच जोर लहान जागेवर पडला की दाब वाढतो. सुईनं आणि अंगठ्यानं दाबण्यातला फरक तोच. दुसरी गोष्ट चॉक. नाव चॉक असलं तरी आजचा क्यू चॉक खडू नसतो. त्यात बारीक, टणक, घासणारे कण असतात. चामड्यात हे कण रुततात. कडक टिपवर ते रुतायला जागा नाही, मग टिप आणि बॉल यांच्यामध्ये भरडले जातात. पांढऱ्या बॉलवर बारीक टोचे दिसायला लागतात ते अशानं. जी-१० मध्ये तर टिपमध्येच काच.

कापडाचं वेगळं. जंप म्हणजे बॉल कापडावर ठोकणं. दहा जणांनी एका जागेवरून सराव केला की तिथं पांढरट ठिपके पडतात, आणि नवशिक्याची टिप घसरली तर कापड फाटतंच. मोठ्या शहरातल्या क्लबात हा खर्च वर्गणीत विरघळतो. तालुक्याच्या गावी दोन टेबलं टाकून तासाच्या भाड्यावर पार्लर चालवणाऱ्याला मात्र कापड बदलायचं म्हणजे बाहेरून माणूस बोलवा, आणि तोवर टेबल बंद ठेवा. ‘हार्ड टिप चालणार नाही’ अशी पाटी तिथं दिसली तर त्याला मागासलेला म्हणू नका. टेबल त्याचं आहे, नुकसानही त्याचंच.

नियमात काय लिहिलंय

जागतिक पातळीवर पूलचे नियम वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूपीए ठरवते. त्यांच्या साहित्याच्या नियमांनुसार क्यू किमान ४० इंच लांब हवा, वजन २५ औंसांपेक्षा जास्त नको आणि टिपची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ४० इंचांची अट जंप क्यूंना बरोबर लगाम घालते, नाहीतर लोकांनी पेन्सिलीएवढे क्यू आणले असते.

टिपबद्दल नियमाचा आशय असा: ती बॉलला ओरखडे पाडणाऱ्या किंवा इजा करणाऱ्या पदार्थाची नको, आणि ती प्रक्रिया केलेल्या चामड्याची किंवा दुसऱ्या एखाद्या तंतुमय वा लवचीक पदार्थाची हवी. आता ‘तंतुमय’ हा शब्द बघा. फिनॉलिकमध्ये सुती कापड आहे, म्हणजे तंतू आहेतच की! वकील लोकांना आवडेल अशी ही फट आहे. रेझिनमध्ये बुडून दगड झालेल्या कापडाला तंतुमय म्हणायचं का, यावर दोन माणसं दोन उत्तरं देतील. म्हणूनच एखाद्या स्पर्धेत फिनॉलिक चालते, दुसरीकडे फक्त चामडं, तर काही लीगमध्ये जंप क्यूच बंद. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारून घेणं एवढाच खात्रीचा उपाय.

आपल्याकडे हा वाद उशिरा आला, कारण आपली परंपरा पूलची नाही, बिलियर्ड्स आणि स्नूकरची. स्नूकर जन्मलंच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, आणि आजचा पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचाच. स्नूकरमध्ये बॉलवरून उडी मारणं हाच फाउल आहे, आणि क्यू किमान तीन फुटांचा आणि पारंपरिक निमुळत्या आकाराचाच लागतो. जंपच नाही म्हटल्यावर जंप टिप कोण कशाला घेईल?

पण साहित्यावरून भांडायची आपल्याला सवय नाही असं मुळीच नाही. गल्लीतल्या कॅरमवर ‘याचा स्ट्रायकर जड आहे’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. कॅरमच्या अधिकृत नियमांत स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको, ४.१३ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, आणि धातूचा किंवा हस्तिदंती तर अजिबात नको. जड स्ट्रायकरवाला हरतच नाही असं नाही. पण सोंगट्यांच्या कडा उडतात, बोर्डाची फ्रेम खिळखिळी होते, आणि खेळ बोटांचा न राहता वजनाचा होतो. हार्ड टिपवरचे आक्षेपही याच तीन जातीचे आहेत.

मग द्यावी का नाही?

माझं उत्तर सरसकट नाही. स्पर्धेत ब्रेकसाठी फिनॉलिक टिप चालू द्यावी. ७ टक्क्यांनी कोणी अजिंक्य होत नाही, ती दोघांनाही घेता येते आणि ब्रेक एका फ्रेममध्ये एकदाच होतो. जंपसाठी मात्र चामडंच असावं. शॉट बंद करू नये, तो बघायला सुंदर असतो, पण ज्याला मारायचाय त्यानं शिकून मारावा. जी-१० कुठंच नको. बॉलला इजा करणारा पदार्थ नको या नियमाच्या साध्या वाचनातच ती बाद व्हायला हवी.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. बाजारात जंप-ब्रेक असा जोडक्यू मिळतो. मागचा भाग फिरवून काढला की ब्रेक क्यूचा जंप क्यू होतो, टिप तीच. त्यामुळे ब्रेकला हो आणि जंपला नाही हा नियम कागदावर सोपा, टेबलावर भांडणाचा. सोय म्हणून असं करता येईल: ब्रेक झाल्यावर हार्ड टिपचा क्यू स्टँडला लावायचा, पुढच्या ब्रेकपर्यंत हात नाही लावायचा. यात पंचाला टिप तपासावी लागत नाही, फक्त स्टँडकडे नजर ठेवावी लागते. गावातल्या स्पर्धेत पंच म्हणजे बहुतेक वेळा पुढची मॅच खेळणारा मित्रच असतो, त्यालाही हे जमेल.

आणि पार्लरमध्ये मालक सांगेल ते. तुमचा स्वतःचा पांढरा बॉल सोबत घेऊन गेलात तर तो कदाचित ब्रेकला हो म्हणेल. कापडाचा प्रश्न तरीही राहतोच.

टिप ओळखायची कशी

सेकंडहँड क्यू घेताना किंवा पार्लरमधला क्यू उचलताना टिपवर नख दाबून बघा. चामड्यावर पुसटसा वळ उठतो, फिनॉलिकवर नख नुसतं सरकतं. बॉलवर हलकेच टेकवून वाजवा. चामड्याचा आवाज दबका, फिनॉलिकचा गोटीवर गोटी आपटल्यासारखा. चॉक लावून फुंकर मारा. बराचसा उडून गेला तर टिप कडक आहे. ऑनलाइन घेताना वर्णनात फक्त ‘ब्रेक टिप’ किंवा ‘जंप टिप’ लिहिलं असेल आणि पदार्थाचं नाव नसेल, तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय ऑर्डर करू नका.

जुन्या, साध्या क्यूवर फिनॉलिक बसवायचा विचार असेल तर टिपच्या मागची पांढरी नळी, म्हणजे फेरूल, आधी बघा. चामडं जो धक्का गिळतं तो कडक टिप सरळ मागं पाठवते. फेरूल स्वस्त प्लास्टिकचं असेल तर त्याला तडा जाण्याची शक्यता वाढते, आणि त्याची दुरुस्ती टिपपेक्षा महाग पडते. सराव करायचाच असेल तर वेगळा, जुना क्यू ठेवा, आणि रोजच्या खेळाच्या क्यूला चामडंच राहू द्या.